वाचकांचे प्रश्न : परदेशातला ट्रेडमार्क, त्याची मुदत आणि त्याचा मालक

मागच्या अंकात भारतातल्या ट्रेडमार्क नोंदणीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांचा रोख मात्र परदेशाकडं आहे. त्याचं कारण उघड आहे. दहाएक वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या ज्या उद्योजकांनी धाडस करून बाहेरच्या देशात आपलं नाव नोंदवलं, त्यांच्या नोंदणीची मुदत आता भरत आली आहे. संभाजीनगरच्या माझ्या कार्यालयातही सध्या याच फायली जास्त आहेत. म्हणून या वेळी फक्त नूतनीकरणाचीच पत्रं घेतली आहेत. पहिलं पत्र सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : ताई, आमचा वसमतला हळद पावडरीचा कारखाना आहे. माल दुबईला जातो. २०१६ साली तिथल्या डिस्ट्रिब्युटरनंच आमचा ब्रँड तिकडं नोंदवून दिला, खर्च आम्ही दिला. आता तो म्हणतो, दहा वर्षं होत आली, रिन्यूअलचे पैसे पाठवा, बाकीचं मी बघतो. पाठवावेत का? आणि वसमतच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, मग वेगळा ट्रेडमार्क कशाला सांभाळायचा, असं आमच्या थोरल्या भावाचं म्हणणं आहे. (हळद उत्पादक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : दादा, पैसे आत्ताच पाठवू नका. आधी त्या नोंदणीचा दाखला मागवा आणि मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. तुमच्या पत्रात सगळं आहे, पण दाखला तुम्ही स्वतः पाहिलाय असं कुठंही लिहिलेलं नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

डिस्ट्रिब्युटरनं करून दिलेल्या नोंदणीत बऱ्याचदा मालक म्हणून डिस्ट्रिब्युटरचंच नाव असतं. दर वेळी त्यामागं लबाडी असतेच असं नाही. तिथला एजंट विचारतो, अर्जदार कोण? समोर जो बसलाय तो आपल्या ट्रेडिंग कंपनीचं लायसन पुढं करतो आणि तेच नाव अर्जावर चढतं. हेतू काहीही असो, परिणाम एकच होतो. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यासमोर त्या नावाचा मालक तो ठरतो. उद्या तुमचं त्याच्याशी फाटलं आणि तुम्ही शारजाहच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला माल द्यायला गेलात, तर तुमच्याच कारखान्यातून निघालेला, तुमच्याच नावाचा पुडा तो कस्टममध्ये अडवू शकतो. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असताना शेतसारा आपण भरत राहावा, तसं हे रिन्यूअल होईल.

दाखला मिळाला नाही तरी अडून बसू नका. तिथल्या ट्रेडमार्कचं काम अर्थव्यवस्था मंत्रालयाकडं (मिनिस्ट्री ऑफ इकॉनॉमी) आहे. अमिरातीतला कुठलाही नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट त्या रजिस्टरमध्ये शोध घेऊन तुम्हाला उतारा काढून देऊ शकतो. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या ओळखीच्या एजंटाकडून करून घेऊ नका.

मालक तुम्हीच असाल तर मार्ग सरळ आहे. तिथली मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं असते. शेवटच्या वर्षात नूतनीकरण करता येतं, आणि मुदत उलटली तर पुढं सवलतीचा काळ मिळतो. एजंट तुमचा स्वतःचा नेमा. त्याला द्यायच्या मुखत्यारपत्रावर नुसती नोटरी सहसा पुरत नाही. नोटरी, मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, अशी साखळी पूर्ण करावी लागते. वसमतहून मुंबई-दिल्लीचे हे हेलपाटे आठवडे खातात. म्हणून मुदतीच्या निदान चार-पाच महिने आधी कागद हलवा.

मालक तो निघाला तर त्याच्याशी शांतपणे, पण लेखी बोला. माल तुमचा आहे आणि त्याला तो हवा आहे, ही तुमची जमेची बाजू. तो नाव हस्तांतरित करायला तयार असेल तर हस्तांतराचा करार आणि नूतनीकरण एकाच वेळी करा, आणि ते हस्तांतर तिथल्या रजिस्टरमध्ये चढवून घ्या. नुसता करार कपाटात ठेवून उपयोग नाही. तो टाळाटाळ करू लागला तर त्याच्या नावावरच्या नूतनीकरणाला एक रुपयाही देऊ नका. त्याऐवजी तुमच्या नावानं नवा अर्ज आणि त्याची नोंदणी रद्द करण्याचा दावा, असं दोन्ही बाजूंनी चालावं लागेल. ट्रेडमार्क-पेटंटसारख्या औद्योगिक संपदेबद्दलच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारात यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या एजंटानं किंवा प्रतिनिधीनं स्वतःच्या नावावर मार्क नोंदवला, तर मालक त्याला हरकत घेऊ शकतो, ती नोंदणी रद्द करून मागू शकतो. भारत आणि अमिराती दोघंही त्या कराराचे सदस्य आहेत. मात्र त्यासाठी २०१६ च्या आधीचा पुरावा लागेल. शिपिंग बिलं, इन्व्हॉइस, जुन्या पुड्यांचं डिझाइन, छापखान्याची बिलं, त्याच्याशी झालेले ईमेल, ब्रँडच्या खर्चापोटी तुम्ही पाठवलेल्या पैशांच्या बँकेच्या नोंदी. हे सगळं आजच एका फायलीत लावा. अशा दाव्यात उशीर नेहमी समोरच्याच्या पथ्यावर पडतो.

नव्या अर्जाची सोयही आता वाढली आहे. अमिराती २८ डिसेंबर २०२१ पासून माद्रिद प्रणालीत, म्हणजे एकाच अर्जानं अनेक देशांत मार्क नोंदवायच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आली, त्यामुळं भारतातल्या तुमच्या नोंदणीच्या आधारावर इथूनच, तुमच्या स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. २०१६ मध्ये हा रस्ता नव्हता.

आता थोरल्या भाऊंच्या मुद्द्याकडं. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण ते मानांकन त्या भागातल्या उत्पादकांचं सामाईक आहे आणि त्याची नोंदणी भारतातली आहे. तुमच्या पुड्यावरचं तुमचं नाव त्यानं दुबईत राखलं जात नाही. पुड्यावर दोन्ही असू द्या, आणि दोन्हींची मुदत वेगवेगळी सांभाळा. जीआयची नोंदणीसुद्धा दहा वर्षांचीच असते.

प्रश्न : मॅडम, आमचं वाळूज एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांचं युनिट आहे. भारतातला ट्रेडमार्क अर्ज फेब्रुवारी २०१६ चा. त्याच्याच आधारावर २०२२ मध्ये माद्रिदमार्गे आंतरराष्ट्रीय नोंदणी घेतली, तीत अमेरिका आणि युरोपियन संघ आहेत. अमेरिकेतला दाखला २०२३ मध्ये मिळाला. भारतातली मुदत या फेब्रुवारीत संपली. आमचे अकाउंटंट म्हणतात, आंतरराष्ट्रीय नोंदणी २०३२ पर्यंत आहे, भारताचं सावकाश बघू. हे बरोबर आहे का? (लघुउद्योजक, बजाजनगर, वाळूज)

उत्तर : अजिबात बरोबर नाही. हे पत्र वाचून मी मासिकाच्या संपादकांकडून तुमचा फोन नंबर मागून घेतला आणि आधी फोन केला. पण हा गैरसमज इतरांच्याही मनात असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

माद्रिदची नोंदणी पहिली पाच वर्षं तुमच्या भारतातल्या मूळ मार्कवर अवलंबून असते. ही पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या तारखेपासून मोजायची. म्हणजे तुमच्यासाठी २०२७ पर्यंत. तोपर्यंत भारतातला मार्क कोणत्याही कारणानं गेला, नूतनीकरण राहिल्यामुळं रजिस्टरमधून निघाला तरीही, आपलं ट्रेडमार्क कार्यालय ते माद्रिद प्रणालीच्या जिनिव्हातल्या कार्यालयाला कळवतं आणि आंतरराष्ट्रीय नोंदणी तेवढ्या मालापुरती रद्द होते. अमेरिका गेली, युरोप गेला. त्यानंतर तीन महिन्यांत त्या त्या देशात थेट अर्ज करून जुनी तारीख टिकवायची एक सोय आहे, पण त्याचा खर्च बघता तिथवर जाऊच नये.

घोटाळा कुठून होतो तेही सांगते. कारखान्याच्या ऑफिसात लक्ष्मीच्या फोटोशेजारी दाखला फ्रेम करून लावलेला असतो, आणि लोक त्यावरच्या शिक्क्याच्या तारखेपासून दहा वर्षं मोजतात. भारतात मुदत अर्जाच्या तारखेपासून चालते. अर्ज २०१६ चा आणि दाखला २०१९ चा असेल, तरी मुदत २०२६ लाच संपते. दाखला नीट वाचला तर तो कोणत्या तारखेपासून लागू आहे ते त्यातच लिहिलेलं असतं.

तुमची मुदत संपली असली तरी दार बंद झालेलं नाही. मुदतीनंतर सहा महिन्यांपर्यंत अधिभार भरून नूतनीकरण होतं. नूतनीकरणाचा टीएम-आर फॉर्म, ऑनलाइन भरला तर प्रत्येक वर्गाला (म्हणजे मालाच्या प्रकाराला) ९,००० रुपये आणि वर ४,५०० रुपये अधिभार. सहा महिने उलटले तर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. पण तो मंजूर करणं रजिस्ट्रारच्या हातात असतं, आणि तोवर तुमचा अमेरिका-युरोपचा मार्क टांगणीला लागतो. आज संध्याकाळपर्यंत फॉर्म भरा, एवढंच सांगणं आहे.

हे सहा महिने जवळजवळ सगळ्या देशांत मिळतात. पॅरिस करारानं सदस्य देशांवर घातलेलं ते बंधन आहे, की हक्क चालू ठेवण्याची फी भरायला मुदतीनंतर किमान सहा महिने द्यायचे. भारत १९९८ पासून त्या करारात आहे. पण या सहा महिन्यांचा भरवसा धरून कुणी कामाचं वेळापत्रक आखू नये. त्या काळात दंड तर पडतोच, शिवाय मार्क चालू आहे की नाही याबद्दल गिऱ्हाइकाच्या वकिलाला शंका घ्यायला जागा मिळते.

कुणी म्हणेल, आम्हाला नोटीसच आली नाही. भारतात हा बचाव काही प्रमाणात चालतो. मुदतीआधी मालकाला कळवणं रजिस्ट्रारवर कायद्यानंच बंधनकारक आहे आणि नोटीस न देता मार्क काढून टाकणं योग्य नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सिप्ला कंपनीच्या प्रकरणात म्हटलं आहे. जिनिव्हाला हे चालत नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, मुदतीच्या सहा महिने आधी आठवण पाठवते, पण ती पोचली नाही ही सबब धरली जाणार नाही असं नियमातच लिहून ठेवलं आहे. आणि आठवण जाते ती अर्जावर दिलेल्या ईमेलवर. तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या नावाचा असेल तर लगेच बदलून घ्या.

अमेरिकेचं अजून एक आहे, आणि ते तुमच्या अकाउंटंटनाही वाचायला द्या. तिथं दहा वर्षं निवांत बसता येत नाही. अमेरिकेतल्या नोंदणीच्या तारखेपासून पाचवं वर्ष संपल्यावर आणि सहावं संपण्याआधी, मार्क वापरात आहे असं घोषणापत्र द्यावं लागतं. माद्रिदमार्गे गेलेल्यांना ते कलम ७१ खाली, थेट नोंदणीवाल्यांना कलम ८ खाली. पुढं प्रत्येक दहा वर्षांच्या शेवटच्या वर्षात पुन्हा. तुमचा तिथला दाखला २०२३ चा, म्हणजे तुमची खिडकी २०२८ ते २०२९. जिनिव्हाला नूतनीकरणाचे पैसे भरले म्हणजे हे घोषणापत्र झालं, असं होत नाही. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, दोन्हींची कार्यालयं वेगळी. घोषणापत्र राहिलं तर अमेरिकेतलं संरक्षण जातं, जिनिव्हाची नोंदणी कितीही ठणठणीत असली तरी.

१८ जानेवारी २०२५ पासून या घोषणापत्राची फी प्रत्येक वर्गाला ३२५ डॉलर झाली आहे, सवलतीच्या सहा महिन्यांत भरलं तर प्रत्येक वर्गामागं आणखी १०० डॉलर. परदेशी मालकाला अमेरिकेत वकिलीचा परवाना असलेला वकील नेमावाच लागतो, ऑगस्ट २०१९ पासून ती सक्ती आहे. सोबत पुरावा जोडायचा असतो. तिथं विकल्या जाणाऱ्या मालाचा किंवा त्याच्या खोक्याचा फोटो, ज्यावर तुमचं नाव स्पष्ट दिसतं. अर्जाच्या वेळी यादीत ब्रेक पॅड, क्लच प्लेट, गॅस्केट असं सगळं भरलं असेल आणि अमेरिकेत फक्त गॅस्केट जात असेल, तर बाकीचं यादीतून काढून टाका. वापरात नसलेल्या मालाबद्दल वापरात आहे असं सही करून लिहिणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र देणं आहे. तिथलं कार्यालय काही फायली निवडून यादीतल्या इतर मालाचे पुरावेही मागतं. लहान यादी असली तरी ती खरी असेल तर टिकते.

प्रश्न : ताई, मी पैठणहून पैठण्या आणि पैठणीच्या कापडाच्या पर्स, जॅकेट युरोपला पाठवते. ब्रँड २०१७ मध्ये युरोपियन संघात नोंदवला, माझ्या एकटीच्या नावानं. पुढच्या वर्षी मुदत संपतेय. इंग्लंडचं वेगळं काही करावं लागेल का? मुलगी आता धंद्यात आली, आम्ही एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) केली. आणि लोगोतला मोर तिनं नव्यानं काढलाय, तर रिन्यूअलच्या फॉर्ममध्येच नवा मोर टाकता येईल का? (पैठणी व्यावसायिक, पैठण)

उत्तर : ताई, मुलगी धंद्यात आली हे वाचून बरं वाटलं. तुमचे प्रश्न तीन आहेत, एकेक घेऊ.

इंग्लंडचं वेगळं करावंच लागेल. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणाचा काळ संपला तेव्हा, ३१ डिसेंबर २०२० ला नोंदणीत असलेल्या प्रत्येक युरोपियन मार्कची एक जुळी ब्रिटिश नोंदणी आपोआप तयार झाली. फी नाही, अर्ज नाही, दाखलाही घरी आला नाही. म्हणून अनेकांना ती आपल्याकडं आहे हेच माहीत नाही. तिचा क्रमांक यूके००९ नं सुरू होतो आणि पुढं तुमच्या युरोपियन क्रमांकाचे शेवटचे आठ आकडे असतात. मुदतीची तारीख दोन्हीकडं तीच, पण नूतनीकरण दोन ठिकाणी, फी दोनदा. युरोपियन संघात ऑनलाइन एका वर्गाचे ८५० युरो, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्यापासून प्रत्येकी १५०. दोन्हीकडं खिडकी मुदतीच्या सहा महिने आधी उघडते.

ब्रिटनचं नूतनीकरण करण्याआधी तिथं विक्री खरंच होतेय का ते बघा. सलग पाच वर्षं न वापरलेला मार्क कुणीही रद्द करून मागू शकतं. २०२१ च्या आधीचा पॅरिस-मिलानमधला वापर ब्रिटनच्या जुळ्या नोंदणीसाठी ग्राह्य धरला जाई. पण आता पाच वर्षं मागं मोजली तरी २०२१ च्या अलीकडंच थांबावं लागतं. त्यामुळं इथून पुढं ब्रिटनमधलीच विक्री दाखवावी लागेल. लंडन, लेस्टरच्या मराठी-गुजराती गिऱ्हाइकांना जाणाऱ्या पार्सलची बिलं जपून ठेवा, त्यावर ब्रँडचं नाव असू द्या.

मोर मात्र रिन्यूअलमध्ये बदलता येत नाही. नूतनीकरण होतं ते नोंदलेल्या रूपाचंच. नव्या मोरासाठी नवा अर्ज करा, आणि जुनी नोंदणीही चालू ठेवा, कारण २०१७ ची तारीख तिच्याकडं आहे. ब्रँडचं नाव साध्या अक्षरांत नोंदलं असतं तर मोर कितीदाही बदलता आला असता. नवा अर्ज करताना अक्षरांचा एक आणि चित्राचा एक असा विचार जरूर करा. मालाच्या यादीचंही तसंच. नूतनीकरणात ती कमी करता येते, वाढवता येत नाही. २०१७ मध्ये फक्त साड्या लिहिल्या असतील तर पर्स त्यात येत नाहीत. त्यांचा वर्ग १८, कपड्यांचा २५.

एलएलपी म्हणजे कायद्यानं वेगळी व्यक्ती. तुमच्या नावावरून तिच्या नावावर हस्तांतराचा लेखी करार करा आणि तो युरोप आणि ब्रिटन दोन्हीकडं स्वतंत्र नोंदवा. तुमच्या हातात वर्षभर आहे, तेव्हा आधी हस्तांतर आणि मग नूतनीकरण. वेळ कमी असता तर मी उलट सांगितलं असतं, आधी जुन्या नावानं मुदत वाढवा, मग नाव बदला. भारतातली मूळ नोंदणीही एलएलपीच्या नावावर करायला विसरू नका.

प्रश्न : आमचं जालन्याचं बियाणं नेपाळ आणि बांगलादेशात जातं. दोन्हीकडं ट्रेडमार्क आहे, २०२० चा. २०३० पर्यंत चिंता नाही ना? मेव्हण्यांचा अत्तराचा ब्रँड सौदीत २०१७ पासून आहे, त्यांनाही सांगतो. (बियाणे कंपनीचे भागीदार, जालना)

उत्तर : चिंता आहे. दहा वर्षांचा हिशेब सगळीकडं चालत नाही. नेपाळमध्ये नोंदणी सात वर्षांची आणि प्रत्येक नूतनीकरणही सात वर्षांचं. बांगलादेशात पहिली मुदत सात वर्षं, त्यानंतर दहा-दहा. म्हणजे तुमचं दोन्हीकडचं काम २०२७ मध्ये आहे. नेपाळच्या कागदांवर तारीख विक्रम संवताची असते, ती इसवी सनात बदलून कॅलेंडरवर लिहा.

सौदीत दहा वर्षं हिजरी मोजतात. चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून दहा वर्षांत साडेतीन महिन्यांहून जास्त फरक पडतो. मेव्हण्यांनी २०२७ ची तारीख धरली असेल तर ती चुकण्याची शक्यता मोठी आहे. दाखल्यावरची हिजरी तारीखच प्रमाण धरायला सांगा.

प्रश्न : मॅडम, आमचा लातूरला डाळमिलच्या यंत्रांचा कारखाना आहे. २०१६ च्या सप्टेंबरात माद्रिदमधून तीन देशांत मार्क घेतला, त्यात चीनही आहे. आता युरोपातल्या एका शहरातून छापील पत्र आलंय. आमचा लोगो, नोंदणी क्रमांक, मुदत सगळं बरोबर, वर गरुडासारखा शिक्का, आणि हजारो युरो रिन्यूअल फी दहा दिवसांत भरा म्हणून बजावलंय. मुलगा म्हणतो भरून टाकू. खरी फी किती असते? (यंत्र उत्पादक, लातूर)

उत्तर : काका, भरू नका. हे पत्र बनावट असण्याचीच शक्यता जास्त आहे. ट्रेडमार्कची माहिती सगळ्या देशांत जाहीर असते. लोगो, क्रमांक, मालकाचा पत्ता, मुदत, सगळं कुणालाही घरबसल्या दिसतं. मुदत जवळ आलेल्यांची यादी काढून अशी पत्रं पाठवणारे जगभर आहेत. वायपो, अमेरिकेचं आणि युरोपियन संघाचं कार्यालय, तिघांनीही याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. नाव सरकारी वाटावं असं घेतात, आणि तळाशी बारीक अक्षरांत ही आमच्या खाजगी यादीत नाव छापण्याची ऐच्छिक सेवा आहे असं लिहितात. पत्राच्या मागची बाजू भिंगानं वाचा, बहुतेक सापडेल. युरोपियन संघाचं कार्यालय तर मालकांना असं बिल कधीच पाठवत नाही. ते पत्र फाडू नका, वायपोला त्याची प्रत पाठवा, ते असे नमुने गोळा करतात.

खरी फी वायपोच्या संकेतस्थळावर तुमचा क्रमांक टाकला की दिसते. नूतनीकरणाची मूळ फी ६५३ स्विस फ्रँक. त्यावर प्रत्येक देशाचे, ज्या देशांनी स्वतःचा दर ठरवलेला नाही त्यांचे १०० फ्रँक, आणि ज्यांनी ठरवला आहे त्यांचा त्यांच्या दरानं. मुदतीनंतर सहा महिन्यांत भरलं तर मूळ फीच्या निम्मा दंड वर. हे पैसे तुम्ही थेट वायपोकडं ऑनलाइन कार्डानं भरू शकता. मुंबईच्या रजिस्ट्रीत जायची गरज नाही, आणि नूतनीकरण तिच्याकडून होतही नाही. फी फ्रँकमध्ये जाते, तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा पुरेशी आहे का ते बँकेत आधी विचारा. शेवटच्या दिवशी कार्ड नाकारलं गेलं तर दंड तुमच्याच माथी येतो.

फी भरताना तिन्ही देश पुढं न्यायची सक्ती नाही. जिथं यंत्र जात नाही आणि जायचा विचारही नाही तो देश सोडता येतो. चीनबद्दल मात्र घाई करू नका. तिथं सलग तीन वर्षं न वापरलेला मार्क रद्द होऊ शकतो हे खरं. पण जो आधी अर्ज करतो त्याला नाव मिळतं ही तिथली रीत असल्यानं, सोडलेलं नाव दुसरा कुणी उचलायला वेळ लागत नाही. तुम्ही यंत्राचे काही भाग तिथून बनवून घेता असं पत्रात लिहिलंय. तेवढ्यासाठी तरी चीन ठेवा, आणि त्या कारखान्याच्या ऑर्डरी, पोचपावत्या, तुमचं नाव कोरलेल्या भागांचे फोटो तारखेसह जपा.

तुमची मुदत सप्टेंबरात आहे आणि मुदतीच्या सहा महिने आधी उघडणारी खिडकी आता उघडलेली आहे. मुलाला शेजारी बसवा, क्रमांक तुमच्या दाखल्यावरून टाका, त्या पत्रावरून नको. पावती आली की तिची प्रत भारतातल्या नोंदणीच्या फायलीत लावा, आणि भारताची मुदत कधी भरतेय तेही त्याच बैठकीत तपासा.